न वाचलेल्या निबंधाची कीर्ती

आकुर्डीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. पुस्तकं देण्याघेण्याचं काम आता थोडंच उरलंय; माझे बरेचसे दिवस जातात ते प्राध्यापकांच्या शोधनिबंधांच्या नोंदी ठेवण्यात. कोणाचा निबंध कुठं छापून आला आणि पुढं तो किती जणांनी वापरला. एखाद्यानं स्वतःच्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाची साक्ष काढली, की त्याला सायटेशन म्हणतात. ज्याच्या साक्षी जास्त, तो संशोधक मोठा. कॉलेजचा दर्जा, प्राध्यापकांची बढती, सगळ्यांत हे आकडे धरतात. त्यामुळे दहावीच्या निकालाची वाट पाहावी तशी आमच्याकडे त्यांची वाट पाहतात.

अंजली सोनकांबळे आमच्याकडे रोबोटिक्स शिकवते. तिचे वडील विलास सोनकांबळे उदगीरकडचे. तरुणपणी पिंपरीत आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात वेल्डिंगला लागले. पुढं त्या कारखान्यात वेल्डिंग करणारे रोबो आले. विलासकाकांच्या हातातली वेल्डिंगची बंदूक गेली आणि रोबोपुढं पत्र्याचे तुकडे मांडून ठेवायचं काम त्यांच्याकडं आलं. दुसरा एखादा माणूस कडू झाला असता. हे मात्र घरी येऊन जेवताना हात ताठ करत, कोपरातून वळवत, 'खर्र' असा आवाज काढून पोरांच्या ताटात भाकरी वाढायचे. अंजली सांगते, तिनं रोबो पहिल्यांदा पाहिला तो असा, वडिलांच्या हातात.

"तुम्हाला राग नाही आला कधी त्याचा?" मी एकदा त्यांना विचारलं होतं.

"त्याच्यावर कशाला राग काढायचा? ते बापडं यंत्र. सांगितलं तेवढं करतंय. सांगणारं कोण हाय, ते बघावं."

अंजली घरातली पहिली पीएच.डी. तिनं विषय निवडला तो ऐकायला अगदी साधा: रोबोनं माणसाच्या हातात वस्तू कशी द्यावी. आपण कुणाला पाण्याचा पेला देतो, तेव्हा नेमका केव्हा सोडायचा हे कुणी सांगत नाही. समोरच्याच्या बोटांनी वजन पेललं, हे आपल्या हाताला कळतं आणि आपण सोडतो. रोबोला ते कळत नाही. लवकर सोडलं तर वस्तू पडते. उशिरा सोडलं तर माणसाच्या हाताला हिसका बसतो. आता चाकणच्या कितीतरी कारखान्यांत माणूस आणि रोबो शेजारी शेजारी उभे राहून काम करतात, त्यामुळे हा प्रश्न कागदावरचा राहिलेला नाही.

तिनं चाकणच्याच एका छोट्या कारखान्यात परवानगी मिळवली आणि जवळजवळ वर्षभर कामगारांचे हात पाहिले. ताजे हात आणि दमलेले हात. शिफ्ट संपत आली की माणसाची बोटं वस्तूभोवती मिटतात, पण वजन पेलायला त्यांना क्षणभर जास्त लागतो, हे तिला दिसलं. तेव्हा रोबोनं शेवटच्या तासात हळू व्हावं, जरा जास्त वेळ धरून ठेवावं, असा तिचा निष्कर्ष होता. तिनं उलटही करून पाहिलं होतं, म्हणजे शेवटच्या तासात रोबोचा वेग वाढवून. गंमत अशी की तेव्हा सुरुवातीला चुका कमी झाल्या. माणसं धास्तावून सावध झाली होती. पण थोड्या दिवसांत चुका पहिल्यापेक्षा वाढल्या आणि मनगटं दुखू लागली. हे सगळं निबंधात होतं, तक्त्यांसकट.

निबंध एका बऱ्यापैकी नियतकालिकात छापून आला. पहिली काही वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. मी नोंद करताना त्याच्यापुढं शून्य लिहायचे, मग एक, मग दोन. त्या दोन्ही साक्षीही तिच्या ओळखीच्यांच्या. तिच्या बरोबरीचे काही जण तोपर्यंत पुष्कळ पुढं गेले होते. आमच्याकडं 'तू माझी साक्ष काढ, मी तुझी काढतो' असा एक अलिखित सलोखा चालायचा, अजूनही चालतो. अंजलीलाही त्यात बोलावलं होतं. "ज्याचा मला उपयोग झाला नाही, त्याचं नाव कसं घेऊ?" एवढंच म्हणून तिनं विषय सोडून दिला. भांडली नाही, उपदेशही केला नाही.

आणि मग अचानक आकडा चढायला लागला. दर महिन्याला मी पाहायचे तर नव्या साक्षी. परदेशातल्या एका नावाजलेल्या गटानं तिच्या निबंधाचा आधार घेतला होता, त्यांच्यामागून इतरांनी. बघता बघता शंभरी ओलांडली. आमच्या कॉलेजात एका निबंधाला एवढ्या साक्षी कधीच मिळाल्या नव्हत्या. संशोधन विभागाचे प्रमुख डॉ. ज्ञानदेव इंगवले यांनी सभागृहात तिचा सत्कार ठेवला. शाल, रोप, भाषणं. विलासकाका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी अंजलीची आई कस्तुराबाई. आकडा पडद्यावर आला तेव्हा टाळ्या वाजल्या आणि कस्तुराबाईंनी मला हळूच विचारलं, "म्हणजे एवढ्या लोकांनी पोरीचं लिहिलेलं वाचलं?"

"हो," मी म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

सत्कारानंतर काही आठवड्यांनी अंजली तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन चाकणला गेली. हा कारखाना मोठा, हेडलाइट बनवणारा. तिथला गणराज नावाचा तरुण इंजिनिअर तिला पाहून हरखला.

"मॅडम, तुम्ही सोनकांबळे मॅडम? मग या, तुम्हाला तुमचीच गोष्ट दाखवतो."

त्यानं तिला एका लाइनपाशी नेलं. रोबो रॅकमधून हेडलाइट उचलून समोरच्या बाईच्या हातात देत होता, ती त्यात रबरी पट्टी बसवून पुढं सरकवत होती. शिफ्ट सुटायला तासभर राहिला असेल. अंजलीच्या डोळ्याला काहीतरी खटकलं. रोबो घाई करत होता. त्या बाईचा हात पुरता यायच्या आत हेडलाइट पुढं येत होता आणि तिनं धरल्या धरल्या पकड सुटत होती.

"शेवटच्या तासात याचा वेग आपोआप वाढतो," गणराज अभिमानानं म्हणाला. "कामगार दमतो, त्याचं लक्ष उडतं, म्हणून त्याला जागं ठेवायचं. रोबो पुरवणाऱ्यांनी ही नवी सोय दिलीय. आणि हे बघा, कशाच्या आधारावर." त्यानं मोबाइलवर माहितीपत्रक उघडून दाखवलं. खाली बारीक अक्षरात नाव होतं: सोनकांबळे. पुढं निबंधाचं साल.

अंजली मला नंतर म्हणाली, "सुमनताई, मला आधी वाटलं, दुसरं कुणी सोनकांबळे असेल."

तिनं त्या बाईशी बोलायची परवानगी मागितली. कुसुमताई त्यांचं नाव, खेड तालुक्यातल्या, कंत्राटावर लागलेल्या. उजव्या मनगटाला त्यांनी फडकं घट्ट गुंडाळलं होतं.

"हात दुखतो का?"

"व्हय मॅडम. शिफ्ट सुटायची येळ झाली, की ह्याला घाई सुटती." त्यांनी रोबोकडं मान हलवली. "आमी दमतो, ह्यो न्हाई दमत. पर कुनाला सांगायचं? मोठ्या शिकलेल्या लोकांनी ठरवलंय म्हनत्यात."

मुलं आजूबाजूला उभी होती.  परतताना बसमध्ये अंजली खिडकीकडं तोंड करून बसली होती, असं मुलांनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात आली आणि म्हणाली, "माझा आधार घेतलेले सगळे निबंध मला वाचायचेत. सगळे."

ते मिळवणं सोपं नव्हतं. पुष्कळशी नियतकालिकं आमचं कॉलेज घेत नाही. मी इतर ग्रंथालयांतल्या ओळखीच्यांना सांगितलं, काही लेखकांकडून थेट मागवले. खिडकीजवळच्या टेबलावर बसून ती तास संपले की वाचत राही. मीही शेजारी बसून साक्षीची ओळ कुठं आहे ते शोधून देऊ लागले. इंग्रजी मला समजतं, आणि या ओळी काही अवघड नव्हत्या. 'शिफ्टच्या अखेरीस रोबोचा वेग वाढवल्यास चुका घटतात (सोनकांबळे).' 'दमलेल्या कामगाराला वेग उपकारक ठरतो (सोनकांबळे).' शब्द थोडे इकडं तिकडं, पण बहुतेक सगळीकडं तेच. तिनं जे म्हटलं होतं त्याच्या बरोबर उलट. ज्यांनी नीट वाचलं होतं, असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले.

पहिली चूक त्या नावाजलेल्या गटाची होती. त्यांच्यावर विश्वास ठेवून बाकीच्यांनी ती ओळ उचलली आणि मूळ निबंध कुणी उघडला नाही. मला कस्तुराबाईंचा प्रश्न आठवला आणि मी दिलेलं उत्तरही.

"पण त्या पहिल्यांनी तरी असं कसं केलं?" मी विचारलं.

अंजलीनं स्वतःच्या निबंधाचं पहिलं पान माझ्यापुढं सरकवलं. निबंधाच्या सुरुवातीला सारांश असतो. बहुतेक लोक तेवढाच वाचतात. त्या सारांशात लिहिलं होतं की वेग वाढवल्यावर सुरुवातीला चुका कमी झाल्या. पुढचं वाक्य, चुका नंतर वाढल्याचं आणि मनगटं दुखू लागल्याचं, तिथं नव्हतं.

"संपादकांनी सारांश लहान करायला सांगितला होता," ती म्हणाली. "मी ते वाक्य काढलं. आत सविस्तर आहेच, म्हटलं. वाचणारा आत जाईलच."

तिनं ते पान परत आपल्याकडं ओढलं. मग म्हणाली, "खुलासा लिहायला हवा. त्याच नियतकालिकात. माझ्या निबंधाचा अर्थ काय नाही, हे सांगणारा."

ही गोष्ट इंगवले सरांच्या कानावर गेली. ते वाईट माणूस नाहीत. कॉलेजचा संशोधनाचा पसारा त्यांनीच उभा केलाय. ते स्वतः ग्रंथालयात आले, खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, तुमची तळमळ मला समजते. पण साक्ष सुलटी असो की उलटी, मोजताना एकच धरतात. पुढं तपासणी समिती यायची आहे, तुमची प्रोफेसरपदाची मुलाखत आहे. तुम्ही स्वतःच लिहिलंत की माझा सारांश अपुरा होता, तर लोक काय अर्थ घेतील? थोडं थांबा."

"मी थांबेन, सर," अंजली म्हणाली. "पण चाकणचा रोबो थांबत नाहीये."

सरांनी खुर्ची मागं सारली. उठताना म्हणाले, "मी तुम्हाला अडवणार नाही. सांगणं माझं काम होतं."

त्यांनी खरोखरच अडवलं नाही. पण अंजली मनातून हलली होती. पुढचे काही दिवस ती लिहायला बसे आणि उठे. बढतीची इच्छा तिलाही होतीच, का नसावी? आई-वडिलांसाठी मोठं घर घ्यायचं ती बोलत होती. शिवाय जगानं दखल घेतली, याचा आनंद तिनं काही महिने मनापासून भोगला होता. तो आनंद खोट्यावर उभा होता, हे स्वतःशी कबूल करणं तिला जड जात होतं. एका रविवारी तिनं मला घरी बोलावलं. विलासकाका बुद्धविहाराच्या वाचनालयातून पेपर वाचून नुकतेच परतले होते. अंजलीनं त्यांना सगळं सांगितलं, चाकणच्या बाईंसकट.

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे लोक तुझं नाव घेऊन भलतंच सांगायलेत."

"हो बाबा."

"अन् ते ऐकून कारखान्यात यंत्र पळवायलेत."

"हो."

"मग तू कशाची वाट बघायलीस?"

"लिहिलं तर बढती जाईल कदाचित."

 काकांनी कस्तुराबाईंकडं पाहिलं. कस्तुराबाई मेथी निवडत होत्या. त्या मान वर न करताच म्हणाल्या, "गेली तर गेली, असं मी म्हणणार न्हाई. कष्ट केलेत पोरीनं. वाईट वाटणारच. पण त्या बाईचा हात दुखायलाय, ते तर तिला दिसलंय. आता न दिसल्यासारखं कसं करायचं?"

 अंजलीनं त्याच आठवड्यात खुलासा लिहून पूर्ण केला. दीडेक पानांचा होता. दुसऱ्यांच्या चुका तिनं नाव घेऊन उगाळल्या नाहीत. माझ्या प्रयोगात काय दिसलं, सारांशातून मी कोणतं वाक्य काढलं आणि त्यामुळं काय समज पसरला, एवढंच लिहिलं. शेवटी स्पष्ट म्हटलं की शिफ्टच्या अखेरीस रोबोचा वेग वाढवण्यासाठी या निबंधाचा आधार घेऊ नये. शिवाय साक्ष काढणाऱ्या प्रत्येक गटाला तिनं वेगळी ईमेल पाठवली, आणि गणराजला सहीनिशी पत्र दिलं.

सगळ्यात आधी हलला तो गणराज. मॅनेजरपुढं ते पत्र ठेवून त्यानं ती 'सोय' बंद करून घेतली. फोनवर अंजलीला म्हणाला, "मॅडम, माहितीपत्रकाखाली नाव दिसलं आणि मी खरं मानलं. मूळ निबंध मागवावा, असं डोक्यातच आलं नाही." रोबो पुरवणाऱ्यांनी पुढच्या वेळी छापलेल्या माहितीपत्रकातून तो भाग काढून टाकला. का काढला, ते कुठं सांगितलं नाही.

परदेशातल्या त्या गटाच्या प्रमुख बाईंचं उत्तर आलं. त्यांनी मोकळेपणानं चूक मानली आणि स्वतःच्या निबंधाला दुरुस्ती जोडली. बाकी बहुतेकांकडून काहीच आलं नाही. एका विद्यार्थ्यानं दूरच्या गावाहून लिहिलं की आमच्या कॉलेजात ते नियतकालिक येत नाही, मला फक्त सारांशच वाचायला मिळाला. ते वाचून अंजली हसली. "ताई, आपल्याकडं तरी कुठं येतं!" मग तिनं संपूर्ण निबंध, खुलाशासकट, कुणालाही फुकट वाचता येईल अशा जागी टाकला. हे आधीच करायला हवं होतं, असं ती म्हणाली.

मुलाखत झाली. निवड समितीतल्या एकानं विचारलं, "तुम्ही स्वतःच आपल्या निबंधात उणीव होती असं म्हणता?" तिनं "सारांशात होती" असं उत्तर दिलं. त्या वर्षी निवड दुसऱ्याची झाली. खुलाशामुळंच झाली, असं मी म्हणणार नाही. निवडलेले सरही लायक होते. पण अंजली तीन-चार दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिला वाईट वाटलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

तिच्या निबंधाची चढण थांबली. अधूनमधून एखादी नवी साक्ष येते. कधी सुलटी असते, कधी अजूनही उलटी. खुलासा फारसा कुणी उद्धृत करत नाही. आता मी आकडा नोंदवण्याआधी ती एक ओळ उघडून पाहते. कोणी सांगितलेलं नाही, वेळही जातो, पण तसं केल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

त्या उन्हाळ्यात अंजली कुसुमताईंना भेटायला गेली, आणि मला बरोबर घेतलं. कुसुमताई आता त्या कारखान्यात नव्हत्या. वेग कमी व्हायच्या आधीच त्यांचं कंत्राट संपलं होतं. गणराजनं पत्ता काढून दिला. चाकणहून बस धरून आम्ही त्यांच्या गावी पोचलो, तेव्हा त्या अंगणात शेंगा वाळत घालत होत्या. डाव्या हातानं.

अंजलीनं सगळं सांगितलं. माझ्या लिखाणात एक वाक्य राहिलं, त्यातून हे झालं, असं सरळ म्हणाली. कुसुमताई ऐकत राहिल्या.

"माझा हात आता बरा हाय तसा," त्या म्हणाल्या. "जड उचलवत न्हाई. पर ते तुमी केलं न्हाई आन् मुद्दाम कुनीबी केलं न्हाई. कुनीच न्हाई केलं, तरी झालं. ह्येच मला समजत न्हाई."

"मलाही," अंजली म्हणाली.

"आता तरी वाचत्याल का लोक नीट?"

"काही वाचतील. सगळे नाही."

कुसुमताईंनी आम्हाला शेंगा दिल्या, पाणी दिलं. अंजलीनं मग तिच्या नव्या कामाबद्दल सांगितलं. आतापर्यंत ती शिफ्टमधले हात पाहत होती. आता तिला दुसऱ्या दिवशीचे हात पाहायचे होते: घरी भांडी घासताना, धुणं पिळताना, लेकराला उचलताना त्यांना काय होतं. अशा कामगारांशी बोलायचं, मोजमाप घ्यायचं. कुसुमताईंना तिनं विचारलं, तुम्ही याल का?

"यीन की. आनखी चार बाया बी आनीन. पर नाव घाला माझं त्यात."

"मोजमापात नाव घालता येत नाही, ताई. ते गुप्त ठेवावं लागतं. पण शेवटी आभार मानतात, तिथं घालता येतं, तुमची संमती असली तर."

"मंग तिथं घाला," कुसुमताई म्हणाल्या. "आन् छापून आलं, की मला वाचून दावा. पयल्यापासून."

परतीच्या बसमध्ये अंजलीनं पर्समधून कागद काढला आणि त्या चार बायकांना काय काय विचारायचं, ते माझ्याशी बोलत बोलत लिहायला लागली. खड्ड्यांनी अक्षर वाकडं येत होतं.